जुन्या नाशकातले स्पीकरवाले मामा: वूफर बिनधास्त न्या, ट्वीटर घरीच ठेवा

काम होतं जुन्या स्पीकरमधल्या आठ इंची वूफरच्या, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या भागाच्या, जोडीचा कुजलेला फोम बदलण्याचं. जोडीचे १,४०० रुपये झाले, त्यात नवे डस्ट कॅप, म्हणजे वूफरच्या मधल्या गोल टोप्या, आल्या. वूफर उत्तम झाले. ट्वीटरबद्दल, म्हणजे वरचे सूर वाजवणाऱ्या छोट्या भागाबद्दल, तिथे मिळालेला सल्ला मी मानला नाही आणि तुम्हीही मानू नये. घाईत असाल तर एवढं पुरे.

बाकीच्यांसाठी सविस्तर लिहिते, कारण नाशकात जुन्या स्पीकरचं कोणाला विचारावं तर "काकू, ब्लूटूथवाला घ्या ना मस्त" एवढंच ऐकायला मिळतं. मी कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये असिस्टंट होते. वस्तू उघडून न बघता भंगारात टाकणं मला जमत नाही.

स्पीकर नव्वदच्या दशकातले, ह्यांनी अंबडच्या कंपनीत असताना बोनसमधून घेतलेले. टू-वे, म्हणजे प्रत्येक खोक्यात एक वूफर आणि एक ट्वीटर, मागे हवा आतबाहेर व्हायला पोर्टचं गोल भोक. खोकं इतकं जड की दिवाळीच्या सफाईला एकटीने हलत नाही. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता. त्या काळात फोमची कड लावलेल्या जवळपास सगळ्या स्पीकरांची हीच गत होते. पुढची जाळी काढली तर वूफरच्या शंकूसारख्या कागदी कोनाभोवतीची कड जागोजागी गळून पडलेली. बोट लावलं तिथे ओल्या गुळासारखी चिकटली.

ही कड म्हणजे इंग्रजीत ज्याला सराउंड म्हणतात ती. कोन पुढेमागे हलायला मोकळा राहावा पण आडवा सरकू नये, हे तिचं काम. त्यात कोनाला मागून मधोमध धरणाऱ्या जाळीदार स्पायडरचीही साथ असते. फोम पॉलियुरेथेनचा असतो आणि हवेतला ओलावा त्याची रासायनिक साखळी हळूहळू तोडतो. ऊन लागलं तर आणखी लवकर. वाजवल्याने झिजतो हा गैरसमज आहे. खोक्यात बंद करून माळ्यावर ठेवलेला फोमसुद्धा दहा-वीस वर्षांत कुजतो, आणि गंगापूर रोडच्या आमच्या खोलीत पावसाळ्यात भिंतींना जी ओल येते तिने त्याला मदतच केली असणार. उलट माझ्या वडिलांचा व्हॉल्व्हचा रेडिओ याहून कितीतरी जुना, पण त्याच्या स्पीकरची कड कागदाचीच आहे, चुण्या पाडलेली. ती आजही शाबूत आहे. रबराची कडही फोमपेक्षा खूप टिकते. कडक होते, पण भुगा होत नाही.

आधी मी एका दुसऱ्या दुकानात विचारलं. तिथल्या मुलाने वूफर हातात घेतला, उलटा केला आणि म्हणाला, "हा टाका, आठ इंची नवा बसवून देतो, ६०० ला एक." आठ इंच म्हणजे आठ इंच, असा त्याचा हिशेब. भोकात बसतो का, स्क्रूच्या जागा जुळतात का, एवढ्यावर त्याची चौकशी संपली.

पण स्पीकरचं खोकं म्हणजे नुसतं फर्निचर नव्हे. कोनाचं वजन, कड आणि स्पायडर किती लवचिक, चुंबक किती ताकदीचा, यावरून ठरतं की वूफरला आत किती हवा लागते आणि पोर्टची नळी किती लांब हवी. १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियात थील यांनी आणि पुढे सत्तरच्या दशकात स्मॉल यांनी हे गणित नीट मांडलं. तेव्हापासून प्रत्येक वूफरचे काही ठरावीक आकडे देतात. त्यातला सर्वांत ओळखीचा म्हणजे कोन स्वतःहून ज्या कंपनसंख्येला सर्वाधिक डोलतो तो. बाजारातला कुठलाही आठ इंची आणून जुन्या खोक्यात बसवला की एक तर बेस ढबढब करतो, नाहीतर गायबच होतो. शिवाय नव्याची संवेदनशीलता, म्हणजे तेवढ्याच विजेवर तो किती मोठा वाजतो ती, जास्त असेल तर वूफर ट्वीटरच्या वर ओरडतो, कमी असेल तर ट्वीटर चिरचिरतो. आतल्या क्रॉसओव्हरने, म्हणजे खालचे सूर वूफरला आणि वरचे ट्वीटरला वाटून देणाऱ्या सर्किटने, या दोघांचं जे समान केलेलं असतं ते बिघडतं. त्या मुलाला यातलं काही सांगितलं नाही. लॅबमध्ये असते तर सांगितलं असतं.

नवा वूफर कधी लावावाच लागतो? कॉइल, म्हणजे कोनाला मागे जोडलेली तारेची गुंडाळी, जळली असेल आणि तीच जुळणारी कॉइल मिळत नसेल, चुंबक आपटून जागचा सरकला असेल, लोखंडी सांगाडा वाकला असेल, तेव्हा. एरवी कड बदलली की स्पीकर पूर्वीसारखा होतो. म्हणून कुठेही नेण्याआधी घरी दोन गोष्टी तपासा. मल्टीमीटर ओहमवर लावून स्पीकरच्या दोन टोकांना धरा. आठ ओहमचा स्पीकर साधारण साडेपाच ते सात दाखवतो, चार ओहमचा तीनच्या आसपास. कमी दिसलं म्हणून घाबरू नका. मागे लिहिलेले आठ ओहम हे एसी सिग्नलचे असतात, मल्टीमीटर नुसत्या तारेचा डीसी रोध मोजतो. काहीच दाखवलं नाही तर कॉइल तुटली किंवा कोनाला जोडणारी वेणीसारखी तार तुटली. तार असेल तर दहा मिनिटांचं काम आहे. दुसरी तपासणी म्हणजे दोन्ही हातांची बोटं कोनावर समान पसरून तो हलकेच आत ढकलायचा. खरखर लागली तर कॉइल कुठेतरी घासते आहे. माझ्या दोन्ही वूफरचे आकडे सहाच्या आसपास होते. खरखर दोन्हींत होती, पण ती कड सैल पडून कोन लोंबल्यामुळे.

आता मामा. दुकानाला बोर्ड नाही. रविवार कारंजाच्या अलीकडच्या एका गल्लीत जुन्या वाड्याच्या पहिल्या मजल्यावर एक खोली आहे, लाकडी जिन्याने वर जायचं. कोणालाही "स्पीकरवाले मामा" विचारलं की बोट दाखवतात. खोलीत पाय ठेवायला जागा नाही. भिंतीला पंधरा आणि अठरा इंची वूफरचे सांगाडे टांगलेले, कोपऱ्यात भोंग्याच्या युनिटचे डायफ्राम डब्यांतून रचलेले. पोट भरतं ते डीजे आणि मंडपवाल्यांवर, आपले आठ इंची म्हणजे त्यांच्या दृष्टीने किरकोळ. मामांनी ते तसं स्पष्टच सांगितलं. "ताई, तुमचं काम बारीक आहे, पैसे कमी आणि डोळे जास्त लागतात. पण करतो." गणपतीच्या आधी जळके वूफर ढिगाने येतात म्हणे. "वॉटने नाही जळत," मामा म्हणाले, "फाटक्या आवाजाने जळतो." म्हणजे ॲम्प्लिफायर त्याच्या कुवतीबाहेर रेटला की लाटेचे शेंडे कापले जातात आणि कॉइल तापत राहते. आमच्या लॅबच्या ऑसिलोस्कोपवर ते कापलेले शेंडे मी मुलांना दाखवलेत. मामांनी ऑसिलोस्कोप न बघता तेच ओळखलं.

माझा वूफर हातात घेतल्यावर त्यांनी आधी पट्टी काढून मोजलं, आणि नुसतं "आठ इंच" नाही. सांगाड्याच्या आतल्या कडेचा व्यास, कोनाचा व्यास, फोमच्या घडीची रुंदी, आणि जुना फोम कोनाच्या वरून चिकटवलाय की खालून. ही शेवटची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. वरून चिकटवण्याची जागा असेल तिथे खालून लावला तर कोन थोडा वर-खाली बसतो आणि कॉइल चुंबकाच्या फटीत चुकीच्या खोलीवर येते. ऑनलाइन मिळणाऱ्या फोमच्या किटमध्ये नेमकी इथेच लोकांची फसगत होते, कारण आठ इंची म्हणून विकल्या जाणाऱ्या कडांची मापं एकमेकांशी जुळत नाहीत. तुम्ही स्वतः करणार असाल तर ही चार मापं घेतल्याशिवाय किट मागवू नका.

"बसून बघू का?" विचारलं तर मामांनी एक स्टूल पुढे सरकवलं. काय झालं ते लिहिते, म्हणजे तुमच्या गावातल्या कारागिराकडे काय बघायचं ते कळेल. सांगाड्यावरचा जुना गोंद थिनर लावून खरवडला. कोनाच्या कडेचा मात्र कोरडाच, बोथट पात्याने आणि बोटाने काढला, कारण थिनर कागदात मुरतो आणि कोन मऊ पडतो. हे बघूनच माझा अर्धा जीव भांड्यात पडला. मग मधला डस्ट कॅप पात्याने गोल कापून काढला. इथे पुष्कळ कारागीर कंटाळा करतात. कॅप तसाच ठेवून नुसत्या नजरेने कोन मधोमध बसवतात.

कॅप का काढायचा? त्याखाली कॉइलची नळी दिसते आणि नळीच्या आत चुंबकाचा लोखंडी दांडा. दोघांमधली फट मिलिमीटरच्या काही अंशांची. कॉइलच्या बाहेरही तेवढीच. १९२५ मध्ये राइस आणि केलॉग या दोघांनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये ज्या रचनेचा स्पीकर दाखवला तीच ही रचना, अजूनही तीच चालते. चुंबकाची ताकद वाया जाऊ नये म्हणून फट अरुंद ठेवावी लागते, आणि फट अरुंद म्हणून कॉइल जरा कलली की घासते. मामांनी जुन्या एक्स-रे फिल्मच्या पट्ट्या कापून ठेवल्या होत्या. त्या नळी आणि दांडा यांच्यामध्ये चारी बाजूंनी सरकवल्या. आता कॉइल हलूच शकत नाही. एखादी पट्टी सैल लागली तर तिच्यामागे आणखी एक पातळ. कोणाच्या तरी बरगड्यांची सावली त्या पट्टीवर दिसत होती.

नवा फोम आधी कोनाला चिकटवला, वाळू दिला. मग पट्ट्या आत असतानाच बाहेरची कड सांगाड्याला, वर कपड्यांचे चिमटे. त्या दिवशी तेवढंच. "उद्या या, रात्रभर वाळू द्या, मग पट्ट्या काढू." मी दिलेल्या पैशांतला फोमचा वाटा थोडाच असेल. बाकी सगळे पैसे कॉइल मधोमध ठेवण्याचे, आणि ते मला अजिबात जास्त वाटले नाहीत. त्याच कामाचा घाईचा भाव ३०० रुपये सांगणारे आहेत. ते कॅप काढत नाहीत.

आता तक्रारी, दोन. दुसऱ्या दिवशी गेले तर वूफरवर चकचकीत ॲल्युमिनियमचे डस्ट कॅप लावलेले. डीजेवाल्यांना आवडतात म्हणे. माझे मूळचे कागदाचे होते, मऊ. धातूचा कॅप कोनाला वजन वाढवतो आणि वरच्या सुरांत एक धातूचा खणखणाट आणतो. ट्वीटर जिथून सुरू होतो तिथेच नेमका. मी सांगितल्यावर मामांनी कुरकुर न करता काढले आणि कागदाचे लावले. पैसे तेवढेच. पण मी सांगितलं नसतं तर तसेच घरी आले असते, तेव्हा आधीच बजावा.

दुसरी तक्रार जास्त गंभीर. वेणीची तार पुन्हा जोडताना एका वूफरची टोकं उलटी झाली. दीड व्होल्टचा सेल घेऊन अधिक टोकाला अधिक लावलं की कोन बाहेर यायला हवा. एकाचा आला, दुसऱ्याचा आत गेला. एक बाहेर ढकलतो तेव्हा दुसरा आत ओढतो, त्यामुळे खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात आणि गाणाऱ्याचा आवाज दोन स्पीकरांच्या मधोमध न राहता खोलीभर भटकत राहतो. लोक मग म्हणतात "रिपेअर केल्यापासून बेसच गेला". मामा जरा वरमले आणि पोराला ओरडले, तारा जोडणारा तो होता. तुम्ही सेल घेऊनच जा. खिशात मावतो.

घरी आणल्यावर मी एक मोजमाप केलं, हौस म्हणून. स्पीकरच्या ओळीत एक मोठा रोध जोडायचा, मोबाइलवर टोन जनरेटर लावून ॲम्प्लिफायरमधून हळू आवाजात कंपनसंख्या हलके हलके बदलत न्यायची आणि स्पीकरच्या टोकांवरचा व्होल्टेज बघायचा. ज्या आकड्याला व्होल्टेज सर्वांत जास्त, ती त्या वूफरची नैसर्गिक कंपनसंख्या. वूफर खोक्याबाहेर मोकळाच असायला हवा. माझा एक ४१ हर्ट्झला आला, दुसरा ४३ ला. दोन्ही जवळ, म्हणजे फोम एकाच जातीचा आणि दोन्हींचा ताण सारखा. नवा फोम थोडा ताठ असतो. वाजवून मऊ झाला की आकडा जरासा खाली येतो. फरक दहाचा आला असता तर मी परत जिना चढले असते.

कानाने तपासायला मी पखवाज लावते. डाव्या बाजूची खोल घूम मिसळलेला "धा" हा कॉइलची परीक्षा घेतो. कॉइल घासत असेल तर त्याच्या शेपटाला बारीक कागद फाटल्यासारखा आवाज येतो. मग तबल्याचा डग्गा, मींड काढलेला, कारण सूर घसरत खाली जाताना कुठल्या जागी घासतं ते नेमकं सापडतं. दोन्हींत काही सापडलं नाही. ह्यांना नाशिक आकाशवाणीवरच्या निवेदकाचा आवाज खरा वाटला तर स्पीकर चांगला. तीही कसोटी मी नाकारत नाही, माणसाच्या आवाजाला आपले कान सगळ्यांत जास्त सरावलेले असतात.

आता ट्वीटर. डाव्या खोक्याचा ट्वीटर मंद वाजत होता. मामा म्हणाले, "काढा तो, पिझो लावून देतो, १५० रुपये, आयुष्यभर जळत नाही." सहजासहजी जळत नाही हे खरं आहे. पिझो ट्वीटरमध्ये कॉइलच नसते, विजेने आकार बदलणारी चकती असते, आणि विजेच्या दृष्टीने तो कपॅसिटरसारखा वागतो. मंडपात, लांब फेकायचं असेल तिथे ठीक. पण आठ ओहमचा ट्वीटर गृहीत धरून बांधलेल्या क्रॉसओव्हरपुढे तो लावला की सगळं गणित मोडतं. आणि आवाज कर्कश. संतूर ऐकून बघा, दाढ दुखेल.

मी ट्वीटर आणि क्रॉसओव्हर दोन्ही घरी उघडले. ट्वीटरची कॉइल जिवंत होती. दोष क्रॉसओव्हरवरच्या ४.७ मायक्रोफॅरडच्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा. वर्षानुवर्षांनी त्यातला द्राव सुकतो, आतला रोध वाढतो, आणि ट्वीटरपर्यंत पोहोचायचं ते वाटेतच अडतं. एमजी रोडला सुट्या भागांच्या दुकानात ४.७ चा पॉलिप्रॉपिलीनचा मिळाला, जुन्यापेक्षा आकाराने बराच मोठा, १०० व्होल्टचा. दोन्ही खोक्यांतले बदलले, एकाचाच बदलला असता तर डावं-उजवं पुन्हा वेगळं झालं असतं. साधा ध्रुव असलेला इलेक्ट्रोलिटिक इथे चालत नाही. दुकानदार देऊ लागला तर "नॉन-पोलर" असं स्पष्ट म्हणा. नव्याचा आतला रोध कमी म्हणून ट्वीटर पूर्वीपेक्षा किंचित उजळ वाटतो. मला आवडला. ह्यांना पहिले काही दिवस टोचत होता.

जुन्या ट्वीटरांत आणखी एक भानगड असते. काहींच्या फटीत थंडाव्यासाठी फेरोफ्लुइड नावाचा चुंबकी द्रव असतो. तो सुकून डिंकासारखा घट्ट झाला की ट्वीटर गुदमरतो. तो साफ करून नवा भरणं मामा करत नाहीत, आणि करत नाही असं सरळ सांगतात, त्याबद्दल त्यांना अर्धा गुण जास्त.

कॉइलच जळलेली असेल तर मामा पूर्ण रिकोनिंग करतात: कोन, कॉइल, स्पायडर सगळं नवं, आठ इंचीचे ९०० रुपये. डीजेच्या वूफरसाठी हे उत्तम, त्यांचे जुळणारे भाग बाजारात सहज मिळतात. घरच्या जुन्या स्पीकरसाठी मी सावध राहीन. हाताशी आहे ती कॉइल आणि मूळची कॉइल यांची उंची, वेढ्यांचे थर, कोनाचं वजन वेगळं निघालं तर सांगाडा तुमचाच पण वूफर परका होतो, म्हणजे ६०० रुपयांच्या त्या नव्या आठ इंचीत आणि त्यात फारसा फरक राहत नाही. करायचंच असेल तर दोन्ही खोक्यांतले एकदम करा, म्हणजे निदान जोडी तरी जुळेल.

पाचपैकी चार. एक गुण तारेच्या उलट्या टोकांचा गेला.

जाणाऱ्यांसाठी: खोकी नेऊ नका, नुसते वूफर काढून न्या. काढण्याआधी तारांचा फोटो काढा आणि अधिक टोकावर पेनने खूण करा. गल्लीत गाडी लावायची जागा मिळत नाही, शालिमारला रिक्षा सोडून चालत या. गणपतीच्या आधीचा महिना टाळा, तेव्हा मामा हात मोकळा नसतानाही नाही म्हणत नाहीत आणि काम पोरावर पडतं. जिना चढवत नसेल तर खालून हाक मारा, पोरगा येऊन घेऊन जातो. पैसे रोख किंवा मोबाइलवर, दोन्ही चालतं. पावती मागितली तर वहीचं पान फाडून देतात. त्यावर "सहा महिने" असं लिहून घ्या, मी घेतलं आहे.